हिमकणांच्या नादी लागलेला शेतकरी

डिसेंबरच्या सुरुवातीला मी अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये लेकीकडे होतो. घरामागच्या माळावर गोल्डनरॉडचे आणि रानगाजराचे वाळलेले तुरे तेवढे उभे होते. त्यांवर पहिला बर्फ पडला, तसा जावयाचा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घेऊन मी गुडघ्यांवर बसलो. बोटं बधिर झाली. फोकस जमेपर्यंत माझ्याच श्वासाच्या उबेनं तुऱ्यावरचे हिमकण विरघळून गेले. त्या दिवशी विल्सन बेंटली हा माणूस मला खरा कळला. त्याचं जेरिको गाव याच राज्यातलं.

बेंटलीचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ चा, शेतकऱ्याच्या घरातला. आई पूर्वी शिक्षिका होती. तिनंच त्याला बरीच वर्षं घरी शिकवलं. तिच्याजवळचा जुना सूक्ष्मदर्शक पंधराव्या वर्षी त्याच्या हाती आला आणि पोरगं हिमकणांच्या नादी लागलं. तो त्यांची चित्रं काढायचा. पण चित्र पुरं होण्याआधीच हिमकण वितळून जायचा. मग त्यानं सूक्ष्मदर्शकाला जोडायच्या कॅमेऱ्याचा हट्ट धरला. सगळ्या सरंजामाची किंमत सुमारे १०० डॉलर! वडिलांना ही थेरं मुळीच पसंत नव्हती. तरी त्यांनी पैसे दिले. बरेच प्रयत्न फुकट गेल्यावर १५ जानेवारी १८८५ रोजी त्याला पहिला फोटो साधला. तेव्हा तो अवघ्या एकोणीस वर्षांचा होता.

थंडगार खोपटात उभं राहून तो काळ्या फळीवर हिमकण झेलायचा. त्यातला निवडक कण काडीनं उचलून काचेवर ठेवायचा, पिसानं हलकेच बसवायचा आणि तेही श्वास रोखून. पुढे निगेटिव्हवर कणाभोवतीची जागा चाकूनं खरवडून तो पार्श्वभूमी काळी करी. त्यावर काही शास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतला. उन्हाळ्यात पिठाच्या ताटलीत पावसाचे थेंब झेलून तो त्यांचा आकार मोजायचा. लग्न केलं नाही. गाईगुरं, शेत सांभाळून त्यानं पाच हजारांवर फोटो काढले आणि प्रती पाच-पाच सेंटला विकल्या. शेजारीपाजारी त्याला चक्रमच समजत.

१९३१ च्या नोव्हेंबरात, हवामानशास्त्रज्ञ हंफ्रीज यांच्या साहाय्यानं त्याचं 'स्नो क्रिस्टल्स' निघालं. त्यात दोन हजारांहून अधिक फोटो होते. त्यानंतर काही आठवड्यांतच बर्फाच्या वादळातून तो पायी घरी आला, त्याला न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबरला तो गेला.

मला मात्र राहून राहून त्याचे वडील आठवतात. माझी लेक लहानपणी वहीत रानफुलं वाळवून ठेवायची. दहावीच्या वर्षी अभ्यासात व्यत्यय नको म्हणून ती वही मी रद्दीत घातली होती. ती तेव्हा काही बोलली नाही. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही पोराचं वेड कळलं नव्हतं. पण त्यानं पदरचे पैसे मोडले. मी तर वहीसुद्धा ठेवली नाही.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी एक फोटो बरा आला. रानगाजराचा वाळका तुरा, त्यावर मूठभर बर्फ. तो मी लेकीला दिला आणि वहीची गोष्ट पहिल्यांदा काढली. तिला सगळं आठवत होतं.