फ्लोरेन्स नाइटिंगेल : वेदनेच्या शय्येवरून चाललेले कार्य

१२ मे हा दिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. याच तारखेला फायब्रोमायल्जिया आणि दीर्घकालीन थकव्याच्या विकारांविषयी जनजागृती दिनही पाळला जातो. ही तारीख फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची जन्मतारीख आहे. क्रिमियाच्या युद्धात हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांमध्ये फिरणारी परिचारिका ही त्यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. मात्र ते युद्धकार्य जेमतेम पावणेदोन वर्षांचे होते. त्यानंतरची अनेक वर्षे त्यांनी तीव्र वेदनेत, बव्हंशी एका खोलीत काढली आणि त्यांचे सर्वांत मोठे कार्य त्याच काळात झाले.

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लोरेन्स येथे एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. जन्मगावाचेच नाव त्यांना देण्यात आले. त्या काळी रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीला न शोभणारे काम समजले जाई. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे शिक्षण घेतले. ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयाकडे निघाल्या.

मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथील रुग्णालयांची पाहणी करत असताना त्यांना क्रिमियन तापाने ग्रासले. काही दिवस त्यांच्या जिवाची आशा उरली नव्हती. त्या बचावल्या, परंतु पूर्वीचे आरोग्य त्यांना पुन्हा लाभले नाही. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या आणि लष्करी आरोग्याच्या चौकशीसाठी अहोरात्र खपू लागल्या. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अन्नावरची वासना उडणे, निद्रानाश आणि कमालीचा थकवा अशी लक्षणे होती. डिसेंबर १८६१ मध्ये पाठीच्या कण्यातील वेदना इतकी वाढली, की त्यानंतर सुमारे सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांना उचलून न्यावे लागे.

या आजारावर त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. माल्व्हर्न येथील जलोपचार झाले, विश्रांती झाली. १८६६ साली त्वचेखाली अफू टोचण्याचा त्या वेळचा नवा उपचार करण्यात आला. त्याने दिवसभर आराम पडे, पण बुद्धीची तरतरी कमी होते, हेही त्यांनी पत्रातून परिचितांना कळवले होते.

वेदना जात नाही, हे उमगल्यावर त्यांनी दिनक्रमच तिच्या मर्यादेत बसवला. भेटी आधी ठरवून, एका वेळी एकाच व्यक्तीची आणि मोजक्या वेळेची. आप्तांनाही हा नियम लागू होता. त्याच घरात काम करणारे सहकारी डॉ. जॉन सदरलँड यांच्याशीही अनेकदा चिठ्ठ्यांतूनच संवाद होई. बोलण्याने खर्च होणारी शक्ती त्या लेखनासाठी राखून ठेवत. त्यांच्या हजारो पत्रांचा संग्रह आज उपलब्ध आहे. १८६५ पासून अखेरपर्यंत लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घर हेच त्यांचे कार्यालय होते.

या मर्यादित जीवनातून झालेले काम थक्क करणारे आहे. सैनिकांच्या मृत्यूंची कारणे दर्शवणाऱ्या त्यांच्या आकृत्या १८५८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना पहिली महिला सदस्य म्हणून निवडले. १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाचे परिचारिका विद्यालय सुरू झाले.

भारताचा प्रश्नही त्यांनी शय्येवरूनच हाताळला. येथील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचे बरेचसे काम त्यांच्या हातून झाले. ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे १८६३ च्या अहवालातून पुढे आले. दूषित पाणी, सांडपाणी आणि कोंदट बराकी ही त्याची कारणे असल्याचे त्यांनी दाखवले. दहा वर्षांनंतर हे प्रमाण १८ वर आल्याची नोंद त्यांनी केली. पुढे त्यांचे लक्ष खेड्यांतील स्वच्छता, सिंचन आणि दुष्काळाकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला १८९२ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली. प्रकृतीमुळे भारतभूमीवर पाऊल ठेवणे मात्र त्यांना कधीही शक्य झाले नाही.

या जीवनाची दुसरी बाजूही आहे. वडिलांनी लावून दिलेला वार्षिक ५०० पौंडांचा तनखा, नोकरचाकर आणि निष्ठावंत सहकारी यांमुळेच त्यांना अशी व्यवस्था उभारता आली. स्वतःप्रमाणेच सहकाऱ्यांनाही त्या दमेपर्यंत राबवत. आई आणि बहिणीशी दुरावा वाढला. एकांत हा त्यांचा उपाय होता आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

बाहेरून खूण न दिसणाऱ्या वेदनेवर लोकांचा सहज विश्वास बसत नाही. नाइटिंगेल यांचा आजार मानसिक आहे, किंबहुना नको असलेली माणसे टाळण्याचे ते निमित्त आहे, असे काही चरित्रकारांनी सुचवले. १९९५ साली डेव्हिड यंग यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांच्या लक्षणांचा नव्याने विचार करून दीर्घकालीन ब्रुसेलोसिसचे निदान सुचवले. या रोगाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली माल्टा येथे शोधला होता. म्हणजे नाइटिंगेल कोसळल्या तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना हे निदान करणे शक्यच नव्हते.

त्यांना फायब्रोमायल्जिया होता, असे म्हणण्यास आधार नाही. तरीही या रुग्णांना त्यांचे चरित्र जवळचे वाटते. सर्वांगाला व्यापणारी वेदना, थकवा आणि अपुरी झोप ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. रक्ततपासणीत वा क्ष-किरण चित्रात तो दिसत नाही, त्यामुळे रुग्णाला अनेकदा घरात आणि कार्यालयात अविश्वास सोसावा लागतो. शक्तीचा हिशेब ठेवून कामाची विभागणी करणे, झोपेची शिस्त आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम यांवर आज भर दिला जातो. अफूवर्गीय तीव्र औषधे या विकारात सहसा सुचवली जात नाहीत.

साठीनंतर नाइटिंगेल यांच्या वेदना बऱ्याच ओसरल्या. पुढे दृष्टी अधू झाली. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबेतील दफनाचा प्रस्ताव कुटुंबीयांनी नाकारला. ईस्ट वेलो येथील त्यांच्या समाधीवर केवळ नावाची आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत. भारत सरकार १९७३ पासून त्यांच्या नावाने परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देत आले आहे.