नोटेवरची सही

पौड किंवा पिरंगुटच्या बँकेत रोख पैसे भरायला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? आठवत नसेल तर हरकत नाही. चहापासून पेट्रोलपर्यंत सगळं हल्ली फोनवर स्कॅन होतं. पण घरचा तांदूळ विकून आलेली रोकड भरायला आई-बाबांनी कधीतरी पिटाळलंच असेल, तर काउंटरवरचं ते मशीन तुम्ही नक्की पाहिलं असेल. गड्डी ठेवली की फर्रकन आवाज, की लगेच आकडा हजर. मधेच मशीन थांबतं, बीप करतं आणि एक नोट बाजूला काढून उजेडाकडे धरली जाते. तेवढ्या दोन सेकंदांत आपला जीव वरखाली होतो.

ते मशीन नोटेत ज्या खुणा शोधतं, त्यातली एक महत्त्वाची खूण म्हणजे सुरक्षा धागा. तो आपल्या नोटेत पहिल्यांदा आला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. आणि तेव्हा त्या नोटेवर ज्यांची सही होती, ते गृहस्थ आपले शेजारीच म्हणायचे. मुळशीतून ताम्हिणी घाट उतरलात की माणगाव, पुढे महाड आणि तिथून रायगडाच्या वाटेवर नाते नावाचं गाव लागतं. तिथे १४ जानेवारी १८९६ ला चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत पाठ करून आपण ज्यांना सोडून देतो, ते सी. डी. देशमुख.

रोह्याचा मुलगा

वडील वकील, बालपण रोह्यात. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. आता संस्कृतचा हा टॉपर पुढे काय शिकला असेल? केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र! १९१७ मध्ये तिथलं वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांना मिळालं. अर्थशास्त्राची पदवी नाहीच. आर्ट्स घेऊ की सायन्स, आणि एकदा घेतलं की जन्मभर त्यातच अडकायचं का, या प्रश्नाने ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

१९१८ मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा झाली. तिथेही देशमुख पहिले. मग वीसेक वर्षं त्यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सरकारी नोकरी केली. जमीन महसूल, दुष्काळ, प्रांताचं बजेट, सगळ्या फायली हाताखालून गेल्या. अर्थकारण ते शिकले ते असं, कामातून.

रिकामी खुर्ची

जुलै १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर आली नाही, कारण बँकेच्या स्वतःच्या नोटा १९३८ मध्ये निघाल्या आणि तोवर ते पायउतार झाले होते. त्या नोटांवर सही आली दुसरे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांची.

देशमुख आधी बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये टेलर पदावर असतानाच वारले. त्यांच्या जागी कोण, हे ठरायला जवळजवळ सहा महिने लागले. युद्ध पेटलेलं, रुपयाची ओढाताण चाललेली, आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेला गव्हर्नर नाही! शेवटी ११ ऑगस्ट १९४३ ला देशमुखांची नेमणूक झाली. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर राजा इंग्रजांचाच राहिला, पण सही आता कोकणातल्या माणसाची आली.

कागदाच्या पोटातला धागा

ब्रह्मदेशापर्यंत जपानी सैन्य आलं होतं. लढाई नुसती बंदुकांची नव्हती. भारतीय नोटांच्या हुबेहूब नकला करून त्या इकडे घुसवण्याचे जपानचे प्रयत्न चालले होते. खोटी नोट बाजारात फिरली की खरीवरचाही विश्वास उडतो, हे शत्रूला पक्कं माहीत होतं.

मग नोटेत बदल झाले. वॉटरमार्कमध्ये सहाव्या जॉर्जचा चेहरा आधी एका बाजूने दिसायचा, तो आता समोरून दिसू लागला. आणि कागद तयार होतानाच त्याच्या पोटात धागा घातला गेला. यामागचा विचार साधा आहे. नोटेवर छापलेलं कुणी ना कुणी पुन्हा छापू शकतं. पण वॉटरमार्क छापलेला नसतो. कागद बनताना तो कुठे जाड, कुठे पातळ ठेवतात आणि उजेडात धरल्यावर त्या सावल्यांचं चित्र होतं. धागाही आतच असतो. म्हणजे नकली नोट करायची तर आधी तो कागदच करावा लागतो, आणि तो कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आजचं मशीन हेच काम वेगाने करतं. नोट रोलरवरून सरकते तेव्हा वरून आणि खालून तिच्यावर वेगवेगळा प्रकाश पडतो. अतिनील किरणांत साधा कागद निळसर चमकतो, खरी नोट मात्र चमकत नाही, कारण तिचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो आणि त्यात चमक आणणारी रसायनं नसतात. चमकतात ते फक्त ठरवून घातलेले भाग, जसे नंबर आणि धागा. इन्फ्रारेड प्रकाशात काही शाई दिसते, काही गायब होते. २००५ पासूनच्या नोटांमध्ये तर मशीनला वाचता येईल असाच धागा आहे. शिवाय नोटेची लांबी-रुंदी, दोन नोटा चिकटल्यात का, कोपरा फाटलाय का, हेही त्याच क्षणात तपासलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांतली मोठी यंत्रं तासाला पन्नास-साठ हजार नोटा तपासतात. चांगल्या, मळलेल्या आणि संशयास्पद अशा त्या वेगळ्या करतात. मळक्या नोटांचे बारीक तुकडे होऊन त्याच्या विटा पाडल्या जातात.

देशमुखांच्या काळात हे सगळं डोळे आणि बोटं करत होती. तुमच्या वर्गात कुणी पोतदार आडनावाचं असेल तर त्यांना सांगा, नाणं पारखणं हे त्यांच्या पूर्वजांचं काम. नोटा आल्यावर पारखायची वस्तू बदलली, काम तेच राहिलं.

एक कामाची गोष्ट इथेच सांगून ठेवतो. बँकेत तुमच्याकडची नोट नकली निघाली तर ती परत मिळत नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त होते, पण त्याची पावती मागणं हा तुमचा हक्क आहे. पाच किंवा जास्त नकली नोटा एका वेळी सापडल्या तर पोलिसात गुन्हा नोंदवला जातो. आणि नोटेवर लिहिणं, पिना टोचणं सोडा. मशीनची आणि कॅशियरची निम्मी डोकेदुखी आपल्या या सवयींची असते.

खरी नोट, पण किंमत?

आता खरा पेच. नकली नोट धाग्याने पकडता येते. पण नोट शंभर टक्के खरी असून तिची किंमत घसरत असेल तर? ते कुठल्याच मशीनला कळत नाही. देशमुखांसमोर नेमकं तेच संकट होतं.

युद्धासाठी ब्रिटन भारतातून धान्य, कापड, पोलाद उचलत होतं. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवले जायचे आणि त्या येण्याच्या आधारावर इथे रुपये छापले जायचे. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा साधारण सहा पट झाल्या. माल मात्र बाजारातून निघून जात होता. मग महागाई भडकणारच. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यामागे या महागाईचाही हात होता. नोटांवरच्या छापील सहीचा मालक रोज हे पाहत होता आणि युद्ध चालवणाऱ्या सरकारला नाही म्हणण्याची ताकद त्याच्या पदात नव्हती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आली ती तिथे. भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. ब्रिटनकडे अडकलेल्या पैशांचा प्रश्न भारताने तिथे मांडला. नाणेनिधीने त्यात पडायचं नाही असंच ठरलं, पण आपलं येणं आहे हे जगासमोर नोंदलं गेलं. युद्ध संपलं तेव्हा ही रक्कम १३० कोटी पौंडांच्या घरात होती. गुलाम देश मालकाचा सावकार झाला होता! ती वसूल करण्याच्या वाटाघाटी पुढे कित्येक वर्षं चालल्या.

पहिली नोटबंदी

२०१६ ची नोटबंदी तुम्ही शाळेत असताना पाहिली असेल. पहिली झाली १२ जानेवारी १९४६ ला. ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा सरकारने वटहुकूम काढून रद्द केल्या. हेतू काळा पैसा बाहेर काढण्याचा होता. गव्हर्नर देशमुखांना हा उपाय पटलेला नव्हता. नोटेच्या बदल्यात नोट मिळणारच असेल तर काळा बाजार काही पुसला जाणार नाही, आणि सरकारच्या हाती जादा कर म्हणून दहा कोटीसुद्धा लागणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. निर्णय सरकारचा होता, तो त्यांनी राबवला. रद्द झालेल्या जवळपास १४४ कोटींच्या नोटांपैकी सुमारे १३५ कोटींच्या बदलून गेल्या. उरल्या फक्त ९ कोटींच्या.

गंमत पुढेच आहे. १९५४ मध्ये १,००० आणि १०,००० च्या नोटा परत चलनात आल्या, सोबत ५,००० चीही. तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते, सी. डी. देशमुख.

फाळणी झाली तेव्हा आणखी वेगळाच प्रसंग आला. देश दोन, पण नोटा छापणारी बँक एकच. पाकिस्तानची बँक उभी राहीपर्यंत रिझर्व्ह बँकच तिकडचंही चलन पाहत होती. भारतीय नोटांवर नाशिकच्या छापखान्यात पाकिस्तान सरकारचं नाव वरून छापून त्या तिकडे गेल्या. नोटा त्याच, खाली सहीही देशमुखांचीच. ३० जून १९४८ ला ही व्यवस्था संपली. १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली आणि त्याच वर्षी जूनअखेर देशमुख निवृत्त झाले.

दुसरी सही

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ ला कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. स्टेट बँक सरकारी मालकीची झाली, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, आणे जाऊन शंभर पैशांचा रुपया करणारा कायदा झाला, हे सगळं त्यांच्याच कारकिर्दीत. १९५३ मध्ये विधवा असलेल्या किंवा नसलेल्या, सगळ्याच बायकांसाठी झटणाऱ्या दुर्गाबाईंशी त्यांचं लग्न झालं. दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या.

मग आलं १९५६. मराठी भाषकांच्या राज्याची मागणी पेटली होती आणि मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचं दिल्लीत ठरत होतं. मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली, त्याची चौकशीही होईना. देशमुख राजकारणातले गर्दी जमवणारे नेते नव्हते. त्यांच्यामागे ना पक्षातला गट होता, ना मोर्चे. हातात होतं ते देशातल्या सर्वात मोठ्या खात्यांपैकी एक. जुलै १९५६ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि लोकसभेत उभं राहून, आपण ज्या सरकारात होतो त्याची चूक कुठे झाली हे सांगितलं. चार वर्षांनी, १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

मंत्रिपद गेल्यावर देशमुख रिकामे बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, १९७५ मध्ये पद्मविभूषण. १९६९ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून ते हरलेही. संस्कृत शेवटपर्यंत सुटलं नाही. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला त्यांचं निधन झालं.

आजीच्या ट्रंकेत किंवा आजोबांच्या जुन्या पाकिटात सहाव्या जॉर्जची एखादी नोट सापडली तर नीट बघा. त्यावर देशमुखांची इंग्रजी सही असू शकते. ती उजेडात धरा, धागा शोधा. आणि तुम्ही परीक्षांची तयारी करत असाल तर पहिला भारतीय गव्हर्नर कोण, याच्या उत्तराशी थांबू नका. मॅट्रिकला पहिला, आयसीएसला पहिला हे त्यांचे नंबर झाले. पटलं नाही तिथे त्यांनी काय केलं, हे १९४६ आणि १९५६ या दोन सालांत सापडतं. एकदा त्यांनी आपलं मत नोंदवून काम केलं, एकदा काम सोडलं. दोन्ही वेळचा फरक काय होता, हे तुमच्या ग्रुपमध्ये एकदा बोलून पाहा. नोकरीला लागलात की उपयोगी पडेल.