लॉर्ड केल्विन आणि चार वायरी

मित्रांनो, सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून केल्विन काढणं आपण सगळ्यांनी केलंय. इलेक्ट्रिकलवाल्यांनी लॅबमध्ये केल्विन डबल ब्रिजचं रीडिंगही घेतलंय. (जर्नलमध्ये ते कोणाचं बघून उतरवलं, हा विषय वेगळा!) पण हे केल्विन नावाचे गृहस्थ होते तरी कोण? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या पुस्तकात त्यांचा दाढीवाला फोटो होता आणि खाली दोन ओळी. खरी ओळख झाली ती यंदा, मिनी प्रोजेक्टमुळे. ते पुढे सांगतेच, आधी त्यांची गोष्ट.

त्यांचं मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, गाव आयर्लंडमधलं बेलफास्ट. वडील गणिताचे शिक्षक. विल्यम सहा वर्षांचा असताना आई वारली आणि मुलांचा अभ्यास वडिलांनीच घेतला. पुढे वडिलांना ग्लासगो विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि सगळं बिऱ्हाड स्कॉटलंडला हललं. १८३४ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, विल्यमचं नाव विद्यापीठाच्या पटावर लागलं! आपण त्या वयात चौथी-पाचवीत पाढे म्हणत होतो.

नंतर तो केंब्रिजला गेला. १८४५ च्या गणिताच्या परीक्षेत तो पहिला येणार अशी सगळ्यांची खात्री होती, पण आला दुसरा. रिझल्टच्या दिवशी रूमचं दार लावून बसणाऱ्यांनी पुढचं वाचावं. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८४६ ला, हा बावीस वर्षांचा तरुण ग्लासगोत प्राध्यापक झाला आणि त्याच पदावर ५३ वर्षं राहिला. लॅब नव्हती म्हणून त्यांनी कॉलेजचं दारू साठवायचं जुनं तळघर मागून घेतलं आणि तिथे विद्यार्थ्यांना प्रयोगाला लावलं. १८४८ साली त्यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. आपले ते २७३ इथूनच सुरू झाले.

पण त्यांच्या आयुष्यातली खरी लढाई झाली ती समुद्राच्या तळाशी. आयर्लंड ते अमेरिका तारायंत्राची केबल टाकायचं ठरलं. १८५४-५५ मध्ये थॉमसन यांनी गणिताने दाखवून दिलं होतं, की लांब केबलमध्ये सिग्नल पसरट होत जातो आणि लांबी दुप्पट केली की उशीर चौपट होतो. कंपनीचे इलेक्ट्रिशियन व्हाइटहाउस (हे मुळात डॉक्टर, म्हणजे औषधवाले!) यांना ते पटलं नाही. त्यांचा भर जास्त व्होल्टेजवर होता. थॉमसन यांचं म्हणणं उलट होतं. पलीकडे ऐकू येत नसेल तर ओरडू नका, ऐकणाऱ्याचा कान तीक्ष्ण करा.

त्यासाठी त्यांनी आरशाचा गॅल्व्हॅनोमीटर बनवला. रेशमाच्या तंतूवर टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेली बारीक चुंबकं आणि समोर दिवा. कॉइलमधून नावाला करंट गेला तरी आरसा किंचित वळतो आणि भिंतीवरच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका भराभर सरकतो.

ऑगस्ट १८५८ मध्ये केबल जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला तब्बल १६ तास लागले. व्हाइटहाउस यांनी सुमारे २००० व्होल्ट लावले आणि आधीच कमकुवत असलेली केबल काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. लोकांचे लाखो रुपये पाण्यात गेले, अगदी शब्दशः! पुढे चौकशी झाली आणि थॉमसन यांचं गणित खरं ठरलं. १८६५ ची केबल मध्येच तुटली. १८६६ ला ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने काम फत्ते केलं. थॉमसन स्वतः जहाजावर होते. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. आणि याच जहाजाने १८७० साली आपल्या मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली.

आता आमचं प्रोजेक्ट. मी सावद्याची. आमच्याकडे केळीचा घड उतरवला, फण्या केल्या, क्रेट भरले की माल पिकवायला रायपनिंग चेंबरमध्ये जातो. तिथे तापमान साधारण १६ ते १८ अंश लागतं. १३ च्या खाली गेलं की साल काळवंडते आणि असा माल व्यापारी हातात घेत नाही. म्हणून आमच्या ग्रुपने चेंबरसाठी तापमान मोजणारं यंत्र घेतलं. सेन्सर पी.टी. १००, आणि त्याचा सिग्नल आकड्यात बदलायला २४ बिटचा ए.डी.सी. चोवीस बिट म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पायऱ्या. एवढ्या पायऱ्या मिळाल्यावर काळजी कसली? काळजी पायऱ्यांची नसतेच, इनपुटची असते.

हिशोब बघा. पी.टी. १०० चा रेझिस्टन्स शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहम वाढतो. चेंबरपासून पॅनेलपर्यंत ३० मीटर वायर, जाऊन-येऊन ६०. अर्धा स्क्वेअर एम.एम. तांब्याच्या वायरचे झाले सुमारे २ ओहम. दोनच वायरी लावल्या तर ए.डी.सी. हे २ ओहमही सेन्सरचेच समजतो आणि तापमान ५ अंशांहून जास्त दाखवतो. कंट्रोलरला वाटतं चेंबर गरम आहे. तो गार करत सुटतो, पडद्यावर १६ दिसतात आणि आत ११ सुद्धा नसतात. एका शेतकऱ्याचं वर्ष त्या खोलीत काळं पडतं. चोवीस बिट असून!

उपाय केल्विनसाहेबांचाच. चार वायरी. दोन वायरींतून १ मिलिअँपिअर करंट न्यायचा आणि उरलेल्या दोन वायरींनी थेट सेन्सरच्या पायांवरचं व्होल्टेज मोजायचं. या दोन वायरी ए.डी.सी.च्या डिफरन्शियल जोडीला जातात, एक प्लसला आणि एक मायनसला. इनपुट बफर चालू ठेवला की त्यांतून जवळजवळ करंट वाहत नाही, त्यामुळे वायरींवर ड्रॉप पडत नाही. दोन्ही वायरी पिळून नेल्या की मोटरची गुणगुण दोघींवर सारखीच बसते आणि वजाबाकीत निघून जाते. तोच करंट पुढे २.५ किलोओहमच्या पक्क्या रेझिस्टरमधून नेऊन त्यावरचे २.५ व्होल्ट रेफरन्स म्हणून दिले, की करंट थोडा हलला तरी सिग्नल आणि रेफरन्स दोन्ही सारखेच हलतात, उत्तर बदलत नाही. शिवाय दोन्ही इनपुट ५ व्होल्ट सप्लायच्या साधारण मध्यावर राहतात, ॲम्प्लिफायरला तेच हवं असतं. गेन १६ ठेवला की रेंज १५६ मिलिव्होल्टची होते. आपला सिग्नल १०६ च्या आसपास, म्हणजे आरामात बसतो. वेग सेकंदाला १० रीडिंग ठेवला, म्हणजे एका रीडिंगमध्ये ५० हर्ट्झच्या बरोबर पाच लाटा येतात आणि सरासरीत विरून जातात.

सिग्नल मोठा हवा म्हणून करंट दहापट केला तर? सेन्सरमधली उष्णता शंभरपट होते आणि तो स्वतःचाच ताप मोजत बसतो. व्हाइटहाउस पुन्हा जन्माला आले म्हणायचं!

थॉमसन पुढेही थांबले नाहीत. केबलचा संदेश शाईने कागदावर उमटवणारा सायफन रेकॉर्डर, जहाजाचं सुधारलेलं होकायंत्र, ओहमसारख्या एककांचं प्रमाणीकरण... यादी मोठी आहे. पण त्यांचंही एक गणित चुकलं. पृथ्वी किती वर्षांत थंड झाली असेल यावरून त्यांनी तिचं वय काढलं आणि शेवटी २ ते ४ कोटी वर्षांवर आले. आज आपल्याला ते सुमारे ४५४ कोटी वर्षं असल्याचं माहीत आहे. त्यांची आकडेमोड बरोबर होती, पण पृथ्वीच्या पोटातली उष्णता कशी फिरते आणि किरणोत्सर्गाने कशी तयार होते, हे त्यात धरलेलं नव्हतं. इनपुट अपुरं असेल तर केल्विनलाही सवलत नाही!

१८९२ साली ते लॉर्ड झाले. विज्ञानासाठी हा मान मिळालेले ते पहिलेच. नाव त्यांनी घेतलं विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं. म्हणजे जे एकक आपण रोज लिहितो ते मुळात एका छोट्या नदीचं नाव आहे. १८९९ मध्ये प्राध्यापकपद सोडलं तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. मग काय केलं? त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून नाव नोंदवलं! १७ डिसेंबर १९०७ ला ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या शेजारी त्यांची समाधी आहे.

तेव्हा मित्रांनो, व्हायव्हामध्ये सरांनी चौथी वायर कशाला म्हणून विचारलं, तर नुसतं ॲक्युरसी म्हणून मोकळे होऊ नका. ही गोष्ट सांगा. आणि मे महिन्यात खान्देशात पारा ४५ वर गेला, हॉस्टेलचा पंखाही गरम हवा फेकू लागला, की आठवा, साहेबांच्या हिशेबाने ते फक्त ३१८ केल्विन आहेत!