राजा तोडरमल

लखनौहून उत्तरेस सीतापूर आणि तेथून थोडे पुढे लहरपूर लागते. अकबराचा दिवाण राजा तोडरमल ह्याचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. आम्हा लखनौकर मराठी मंडळींच्या इतक्या शेजारचा हा पुरुष. पण त्याचे नाव आम्ही परीक्षेपुरतेच पाठ केले. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात, ज्या भूमीने आम्हांस आसरा दिला तिच्या ह्या सुपुत्राचे स्मरण आम्हांस उचित वाटते.

तोडरमल जातीने खत्री. शेरशाहाच्या चाकरीत त्याने पंजाबातील रोहतास किल्ल्याच्या बांधकामावर देखरेख केली. पुढे अकबराच्या पदरी गुजरात आणि बंगालच्या मोहिमांत त्याने तलवारही गाजवली. परंतु त्याची खरी कीर्ती शेताच्या बांधावरची आहे.

शेत क्वचितच चौरस असते. कुठे नदीने कोपरा तोडलेला, कुठे बांध वाकडा. चारही बाजू मोजल्या तरी चौकोनाचे क्षेत्र निश्चित होत नाही, कर्ण किंवा लंब कळावा लागतो, हे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त बजावले होते. म्हणून वाकड्या शेताचे त्रिकोण पाडावे, प्रत्येकाचा पाया व उंची गुणून निम्मे करावे आणि बेरीज घ्यावी. त्याच ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारी फैजीने 1587 मध्ये केले.

पण मापच खोटे असेल तर गणित काय करणार? पूर्वी जमीन दोरीने मोजीत. दोरी दवाने भिजली की आखडे. साठ गजांची दोरी सत्तावन्न गजांवर आली, की दहा बिघ्यांचे शेत अकरा बिघ्यांहून अधिक भरे आणि नसलेल्या जमिनीचा सारा शेतकऱ्याच्या माथी बसे. 1575 च्या सुमारास दोरी जाऊन बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडलेली जरीब आली. साठ गज लांब व साठ गज रुंद, म्हणजे 3600 चौरस गजांचा बिघा ठरला. 1580 मध्ये दहा वर्षांच्या सरासरीवर रोख सारा बांधण्याची पद्धत सुरू झाली. ह्या साऱ्या व्यवस्थेत तोडरमलाचा हात मोठा होता. तथापि जरीब सरळ झाली म्हणून माणसे सरळ होत नाहीत. करोडी नावाच्या अंमलदारांनी रयतेस नाडले, आणि तोडरमलाने त्यांचे हिशेब इतक्या कठोरपणे तपासले की कित्येक कैदेतच मेले.

1589 मध्ये लाहोर येथे तो निवर्तला. दक्षिणेत मलिक अंबरने जमीनमहसुलाची घडी बसवली. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी पाच हात पाच मुठींच्या काठीने, वीस काठ्या औरसचौरस असा बिघा मोजला.

आम्हांपैकी अनेकांचे गावाकडे भावकीत एखादे वाकडे शेत अजून आहे. बांध पाहून वर्षे लोटली, तरी सातबाऱ्यावरील आकड्यावर आमचा विश्वास असतो. हा विश्वास उत्पन्न करण्यासाठी आयुष्य वेचणारा एक पुरुष आमच्या ह्या अवधच्या मातीतला होता, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो.