डॉ. कमल रणदिवे आणि कॅन्सरवरच्या तेलाची बाटली

त्र्यंबकेश्वरहून परतताना कुणी तुमच्या हातात कॅन्सरवरच्या वनस्पती-तेलाची बाटली ठेवली आणि या तेलाने कॅन्सरच्या पेशी मरतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय असं सांगितलं, तर ती उघडण्याआधी डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी वाचा.

कमलताई पुण्याच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण तिने वनस्पतिशास्त्र निवडलं आणि एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींवर काम केलं. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

मग त्या अमेरिकेत, बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवण्यात गे तरबेज होते. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या कॅन्सरच्या पेशी १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या. ‘हेला’ नावाच्या त्या पेशी आजही जगभर वापरतात, तेलांच्या चाचण्यांतसुद्धा.

कमलताईंनी परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन, म्हणजे पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. त्यांचं काम तेलांवर नव्हतं. स्तनाच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचा काय संबंध, हे त्या शोधत होत्या. आणि त्यासाठी केवळ काचेतल्या पेशींवर न थांबता त्यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं.

तेलाच्या बातमीत नेमका हाच टप्पा गाळलेला असतो. चाचणीत लवंगेचं किंवा गवती चहाचं तेल पातळ करून पेशींवर घालतात आणि दोन-तीन दिवसांनी किती पेशी जगल्या ते मोजतात. साबणाचं पाणी घातलं तरी त्या मरतीलच! तेवढ्याच मात्रेत निरोगी पेशी वाचतात का? तेल पोटातून गाठीपर्यंत पोचतं का? त्यानंतर प्राणी, मग माणसं. सदाफुलीतली द्रव्यं ही सगळी वाट चालून आली, म्हणूनच व्हिंक्रिस्टीन आज केमोथेरपीत आहे.

१९८२ मध्ये कमलताईंना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यातल्या राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं. २००१ मध्ये त्या गेल्या.

बाटली घेतलीच असेल, तर तेल पिऊ नका. निलगिरीचं तेल थोडं जरी पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात. केमो चालू असेल तर पुढच्या भेटीला बाटली सोबत आणा आणि डॉक्टरांना दाखवा. संकोच नको, आम्ही रागावत नाही.