चिमणीपासून सुरू झालेलं आयुष्य: पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली आणि आपल्या शहापूर-मुरबाडचं रान

पावसाळा तोंडावर आला की शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला जाताना विहिरीवर झुकलेल्या झाडांकडे पाहा. शिंदीच्या, बाभळीच्या टोकाला सुगरणीची घरटी लटकायला लागलेली असतात. आपण ती लहानपणापासून पाहत आलो. पडलेलं घरटं उचलून घरी आणलं, दाराला टांगलं, विषय संपला. ते घरटं बांधतं कोण, नर की मादी? अर्धवट सोडलेली घरटी इतकी का असतात? हे आपण कधी विचारलं नाही. मुंबईतल्या एका मुस्लिम घरातल्या माणसाने मात्र ते विचारलं, महिनोन् महिने झाडाजवळ बसून उत्तर शोधलं आणि जगाला सांगितलं. त्यांचं नाव डॉ. सलीम अली.

त्यांचं नाव आपल्या मुलांना शाळेच्या सामान्यज्ञानात भेटतं. प्रश्न येतो, भारताचे पक्षीपुरुष कोण? मुलं उत्तर पाठ करतात आणि विसरतात. त्यांचं आयुष्य मात्र फारसं कोणी सांगत नाही. आम्हाला ते सांगावंसं वाटतं, कारण दहावी-बारावीला मार्क कमी पडले म्हणून घरात तोंड लपवून बसलेली मुलं आपल्याकडे दरवर्षी असतात.

यतीम मुलगा, मामाचं घर

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. घराणं सुलेमानी बोहरा. ते घरातलं शेंडेफळ. वर्षाचे होते तेव्हा वडिलांचा इंतकाल झाला, तीन वर्षांचे असताना आईही गेली. या यतीम भावंडांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोटच्या लेकरांसारखं वाढवलं. या दांपत्याला स्वतःचं मूल नव्हतं. घर गिरगावजवळच्या खेतवाडीत. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले, स्वातंत्र्यसैनिक अब्बास तय्यबजीही याच घराण्यातले.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मुंबईला जाऊ लागलं. म्हणजे सलीम जन्माला आला तेव्हा मुंबईची तहान आपल्या रानातल्या पाण्यावर भागत होती. पुढे या रानाचा आणि त्यांच्या आयुष्यातल्या एका अपुऱ्या राहिलेल्या शोधाचा संबंध येणार होता. त्याबद्दल शेवटी सांगतो.

मामा शिकारीचे शौकीन. त्या काळात ती सभ्य घरांची रीतच होती. छोट्या सलीमला छर्‍याची बंदूक मिळाली होती आणि तो चिमण्या टिपत असे. एकदा पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मुलाला शंका आली, ही वेगळी आहे, मग ही खाणं चालेल का? तो मामाकडे गेला. मामांनाही नीट सांगता येईना. पण त्यांनी पोराला झिडकारलं नाही, ‘चल, खेळायला जा’ म्हणून वाटेला लावलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि त्याला तिकडे पाठवलं.

आम्हाला वाटतं, या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण हाच. आपल्याला उत्तर येत नाही हे मोठ्या माणसाने कबूल केलं आणि ज्याला येतं त्याच्याकडे मुलाला पाठवलं. एवढंच.

हातात पडलेलं पुस्तक

घाबरत घाबरत सलीम सोसायटीत पोचला. मिलार्ड इंग्रज साहेब, पण त्यांनी मुलाला आत घेतलं. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असं सांगितलं. मग कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. जाताना वाचायला पुस्तकं दिली. त्यात ‘ईहा’ या टोपणनावाने लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक होतं. ते विद्वानांसाठी लिहिलेलं जाड पुस्तक नव्हतं. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाखरांबद्दल हसतखेळत, साध्या भाषेत सांगणारं होतं. विज्ञानाचं असं एक लोकांसाठीचं पुस्तक बारा-तेरा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाच्या हातात पडलं आणि त्याची वाट ठरली.

पण वाट सरळ नव्हती. अभ्यासात सलीम यथातथाच. सतत डोकं दुखायचं, म्हणून हवापालटासाठी सिंधला पाठवावं लागलं. शिक्षण मागे पडलं. १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी पास झाली. सेंट झेवियर्स कॉलेजात पहिलंच वर्ष जड गेलं, कॉलेज सुटलं. मग ब्रह्मदेशात, तवॉय इथे घरच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले. धंद्यात लक्ष किती लागलं असेल हे सांगायला नको, भोवती घनदाट जंगल आणि त्यात पक्षी! १९१७ मध्ये परत आल्यावर व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला दावर्स कॉलेजात नाव घातलं. त्याच वेळी झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्यांची आवड ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला.

विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षीतज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना माहिती देणारे व्याख्याते म्हणून नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसेमान या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञांकडे शिकले. स्ट्रेसेमान यांना ते पुढे कायम गुरू मानत राहिले. १९३० मध्ये परत आले तर नोकरीची जागाच पैशाअभावी बंद झालेली.

बेकारीतला शोध

चौतिशीतला माणूस, परदेशात शिकून आलेला, हाताला काम नाही. मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सलीम अली झाडाजवळ लपून बसायचे आणि दिसेल ते वहीत टिपायचे.

त्यातून जे कळलं ते असं. घरटं विणतो नर. अर्धं झालं की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत-बाहेर करून घरटं पारखते. पसंत पडलं तर तिथे राहते, मग नर बाकीचं पूर्ण करतो. नापसंत झालं तर घरटं तसंच अर्धवट लटकत राहतं. आपल्या विहिरींवर दिसतात ती हीच नाकारलेली घरटी. मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरं घरटं सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट बघतो. हे निरीक्षण सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं आणि त्यांचं नाव झालं. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, महागडं यंत्र लागलं नाही. लागला तो सबर.

पुढे संस्थानांमधल्या पक्ष्यांची पाहणी करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर. प्रवासखर्च मिळाला की पुरे, पगाराची अपेक्षा नाही. तंबूतल्या या संसारात तहमीना बेगम सोबत असत. त्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या, त्यांचं इंग्रजी उत्तम. नवऱ्याचं लिखाण सोपं आणि नेटकं व्हावं यात त्यांचा मोठा हात होता. १९३९ मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्या अचानक गेल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अली कोसळले. बहीण कम्मो आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी नेलं आणि ते पुन्हा कामाला लागले.

सगळ्यांसाठीचं पुस्तक

१९४१ मध्ये त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. रंगीत चित्रं आणि प्रत्येक पक्ष्याची थोडक्यात माहिती. यातली एक युक्ती आम्हाला फार आवडते. पक्षी केवढा, हे सांगताना ते चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा असं सांगतात. वाचणाऱ्याच्या अंगणातलीच मापं! इंच आणि शास्त्रीय नावं न कळणाऱ्या माणसालाही पक्षी ओळखता येतो. पंडित नेहरूंनी हे पुस्तक आपल्या मुलीला, इंदिराजींना भेट दिलं होतं. त्याच्या आवृत्त्या आजपर्यंत निघत आहेत.

१९६७ मध्ये लईक फतेहअली यांच्यासोबत ‘कॉमन बर्ड्स’ हे स्वस्त पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टसाठी लिहिलं. दुसरीकडे अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासोबत भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचा १० खंडांचा ग्रंथ १९६४ ते १९७४ मध्ये पूर्ण केला. तो अभ्यासकांचा आधार झाला. एकच माणूस विद्वानांसाठीही लिहितो आणि शाळकरी पोरासाठीही, असं क्वचित घडतं. मिलार्ड साहेबांनी हातात ठेवलेल्या त्या पुस्तकाचं कर्ज त्यांनी असं फेडलं म्हणा ना.

भरतपूरचं पाणथळ रान आणि केरळचं सायलेंट व्हॅली वाचवण्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. गेटी पुरस्काराच्या पैशांतून निसर्गरक्षणासाठी निधी उभा राहिला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं, त्याच्या नावातही चिमणीच आहे. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदीत मुंबईत त्यांचं निधन झालं.

तानसाच्या रानातलं घुबड

आता शेवटची गोष्ट. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे, दिवसाही फिरणारं, सागाच्या रानात राहणारं. १८८४ नंतर ते कोणालाच सापडलं नव्हतं. सलीम अली आणि रिप्ली यांनी १९७० च्या दशकात त्याचा खूप शोध घेतला, मिळालं नाही. याला एक काळं कारण होतं. मायनर्ट्झहागेन नावाच्या एका नामांकित इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये आपण हा पक्षी गुजरातेत मिळवल्याची नोंद केली होती. पुढे उघड झालं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता, फक्त चिठ्ठी नवी लावली होती. याच माणसासोबत सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. एका खोट्या नोंदीमुळे शोधणारे किती वर्षं नको त्या जागी पाहत राहिले! इल्म ही अमानत आहे असं आपण म्हणतो. तिच्यात खयानत झाली की काय होतं, ते इथे दिसतं.

१९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ अमेरिकन अभ्यासकांना रानपिंगळा पुन्हा दिसला. त्यांनी खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींवर भरवसा ठेवला होता. सलीम अलींना जाऊन तेव्हा १० वर्षं झाली होती. आणि २०१४ मध्ये हाच पक्षी कुठे दिसावा? तानसा अभयारण्यात, आपल्या शहापुरात!

ज्याला शोधायला जगातले अभ्यासक धडपडले, तो आपल्या शेजारच्या सागाच्या रानात बसला होता. आपल्या कातकरी, ठाकर शेजाऱ्यांना रानातले आवाज ओळखता येतात. आपली मुलं मात्र मोबाईलवर परदेशातले वाघ-सिंह बघतात आणि दारातला कोतवाल ओळखत नाहीत. वणवे लागतात, साग तोडला जातो, रस्ते रुंद होतात. रानात काय आहे हेच माहीत नसेल तर काय गेलं हे तरी कसं कळणार?

आमची विनंती साधी आहे. लग्नात, अकीक्यात, ईदीत आपण हजारो रुपये खर्च करतो. त्यातून पक्ष्यांचं एक पुस्तक घरात आणा, एक मोहल्ल्याच्या वाचनालयात किंवा मदरशाच्या कपाटात ठेवा. मुलगा किंवा मुलगी रानातून पीस, घरटं, मेलेलं पाखरू घेऊन विचारायला आली तर ओरडू नका. उत्तर येत नसेल तर खेतवाडीच्या त्या मामांसारखं सांगा की मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याच्याकडे मुलाला घेऊन जा.