लोहाराच्या मुलाचा हिशेब

शाळेत मोरचुदाच्या पाण्यात पितळी किल्ली सोडून बॅटरीची तार जोडली आणि तिच्यावर तांबे चढले, तेव्हा मला ती जादूच वाटली. तिचा हिशेब मायकेल फॅरेडेने कधीच मांडून ठेवला होता, हे पुढे कळले.

१७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी तो जन्मला. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकला. हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची टिपणे बांधून त्याने डेव्हीलाच पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला. उच्च गणित त्याला कधीच आले नाही. तरी १८३४ पर्यंत त्याने सिद्ध केले, की द्रावणातून वीज दुप्पट गेली तर धातूही दुप्पट बसतो.

याच नियमाच्या आधारे झुरिकच्या संशोधकांनी केसाहून बारीक पोकळ टोकातून तांब्याचे द्रावण सोडले आणि विजेने थेंबाथेंबाने तांबे बसवत इवलेसे त्रिमितीय आकार छापले. ना भट्टी, ना घण!

उतारवयात फॅरेडेची स्मृती त्याला सोडून गेली. १८६७ मध्ये तोही गेला. बापाचा घण त्याने उचलला नाही. धातू घडवणे मात्र त्या घरातून सुटले नाही, असे मला वाटते.